बदलते ताट आणि ठाणे जिल्ह्याचे शेत

कोणत्याही देशाची शेती आणि तेथील लोकांचा आहार यांचा संबंध अतूट असतो. शेतात जे पिकते तेच ताटात येते, हा जुना नियम होय. परंतु दळणवळणाची साधने वाढली, शहरे विस्तारली आणि बाजार दूरदूर पोहोचले म्हणजे हा नियम उलटतो. ताटात जे हवे असते ते मग शेतात पिकवावे लागते, आणि जो शेतकरी ते पिकवीत नाही त्याच्या मालास गिऱ्हाईक राहात नाही.

ठाणे जिल्ह्यातील शेतकरी आज या उलटलेल्या नियमाच्या ऐन मध्यावर उभा आहे. एका बाजूस ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर व भिवंडी ही लाखो वस्तीची शहरे आहेत. दुसऱ्या बाजूस मुरबाड, शहापूर व अंबरनाथ या तालुक्यांतील भातखाचरे आणि वरकस माळ आहेत. यांच्यामधील अंतर लोकल गाडीने वा एस.टी.ने तास-दीड तासाचे. असे असूनही शहराचे ताट गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत किती पालटले, आणि त्याबरोबर आपल्या घरचे ताटही कसे पालटले, याचा हिशेब फारच थोड्या गावांनी मांडला असेल. तो हिशेब मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वीचा आहार

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील आहार जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे ठरलेला असे. खाडीकाठी खारबंदिस्ती करून काढलेल्या खारजमिनीत भात होई, आणि खाडीत मासळी. आगरी व कोळी कुटुंबांचे जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, भात आणि मासळीचे कालवण. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यास लागल्या म्हणजे सुकट, जवळा, सुके बोंबील यांवर भागवावयाचे. कोलंबी, चिंबोरी, निवटी ही खाडीची देणगी. तीस दाम मोजावे लागत नसत.

आतल्या सखल भागात भात हेच मुख्य पीक व भात हेच मुख्य अन्न. भात घिरटावर भरडावयाचे, उखळात सडावयाचे आणि कोंड्याचा काही अंश दाण्यावर ठेवूनच शिजवावयाचे, अशी रीत होती. भातकापणीनंतर खाचरातील ओलीवर वाल, हरभरा, मूग पेरला जाई. वालाचे बिरडे ठाणे-कल्याणच्या स्वयंपाकघराची ओळख बनले, ते या ओलीवरच्या पिकामुळेच.

डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, उडीद, कुळीथ व खुरासणी ही पिके असत. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या समाजांच्या वाड्यांवर नाचणीची भाकरी व आंबील हाच रोजचा आधार. पावसाळा सुरू झाला की शेवळा, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, बांबूचे कोंब अशा रानभाज्यांची रांग लागे. ओढ्यातील खेकडे व मळीचे मासे, रानातील कंद आणि मोहाच्या बियांचे तेल यांनी ताट पुरे होई.

या आहाराचे फार गुणगान करण्याचेही कारण नाही. श्रावण-भाद्रपदात कणग्या रिकाम्या होत, सावकाराकडून खावटी काढावी लागे, आणि पुष्कळ घरांत दूध व साखर केवळ सणास दिसे. पोट भरण्याचीच जेथे भ्रांत तेथे आहाराच्या समतोलाचा विचार कोण करणार? तथापि त्या ताटात एक गुण होता. त्यात एकाच धान्याचे राज्य नव्हते. भात, नाचणी, वरी, कडधान्य, पालेभाजी व मासळी यांपैकी एक वस्तू कमी पडली तर दुसरी तिची जागा घेई.

युद्धकाळ व शिधापत्रिका

या व्यवस्थेस पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धाने दिला. मुंबई व कोकणपट्टी यांस लागणाऱ्या तांदळाचा मोठा भाग त्या काळी ब्रह्मदेशातून येत असे. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानी सैन्याच्या हाती गेला व तो पुरवठा तुटला. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लक्षावधी लोक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी मुंबई शहरात धान्याचे शिधावाटप सुरू झाले.

शिधापत्रिका ही केवळ धान्य मिळविण्याची चिठ्ठी नव्हती. आहार बदलण्याचे ते एक प्रभावी साधन ठरले. भात खाणाऱ्या कुटुंबास तांदूळ पुरेसा मिळत नसे, म्हणून उरलेला शिधा गहू किंवा इतर धान्याच्या रूपाने घ्यावा लागे. कोकणातील घरांत गहू हा तोपर्यंत पाहुणा होता. पुरणपोळीस, सांज्यास, लग्नकार्यास तो येई आणि जाई. शिधावाटपाने त्यास घरात कायमची जागा दिली. तांदळाची भाकरी थापणाऱ्या हातांस पोळी लाटण्यास शिकावे लागले.

फाळणीनंतर या बदलास आणखी एक कारण मिळाले. सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांस कल्याणजवळील लष्करी छावण्यांत आसरा देण्यात आला, आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. या मंडळींचे मुख्य अन्न गव्हाची रोटी. कल्याणच्या परिसरात गव्हाच्या गिरण्या, हलवायांची दुकाने व तळलेल्या पदार्थांच्या गाड्या वाढल्या, त्यात या नव्या वस्तीचा वाटा मोठा आहे.

परदेशी गहू ते देशी गहू

स्वातंत्र्योत्तर काळात लोकसंख्या वाढली, पण धान्योत्पादन त्या मानाने वाढले नाही. १९५६ मध्ये अमेरिकेशी ‘पी.एल. ४८०’ या नावाने ओळखला जाणारा करार झाला व अमेरिकन गहू मुंबई बंदरात उतरू लागला. १९६५-६६ व १९६६-६७ ही सलग दोन वर्षे अवर्षणाची गेली. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन देशास केले होते, त्याची आठवण जुन्या पिढीस आजही आहे. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रास तांबडा मिलो व सुकडी यांवर दिवस काढावे लागले.

या संकटातून हरितक्रांतीचा जन्म झाला. बुटक्या जातीच्या गव्हाने पंजाब व हरियाणाची शेते भरली. ‘कल्याणसोना’ हे नाव त्या काळी घरोघरी झाले; मात्र त्यातील ‘कल्याण’चा ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी काही संबंध नाही. ती जात उत्तरेतील. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे ६५ लाख टन गहू पिकत होता. २०२३-२४ मध्ये तो ११ कोटी टनांहून अधिक झाला. भाताचेही तसेच घडले. ‘जया’, ‘रत्ना’ यांसारख्या अधिक उत्पन्न देणाऱ्या जाती आल्या, आणि कर्जत येथील भात संशोधन केंद्राने कोकणच्या हवामानास मानवणाऱ्या जाती दिल्या. १९७२ मध्ये दापोली येथे कोकण कृषि विद्यापीठ स्थापन झाले.

देशाची उपासमार टळली, हे या क्रांतीचे श्रेय निर्विवाद आहे. पण तिचा एक परिणाम हळूहळू दिसू लागला. सरकारी खरेदी गहू-तांदळाची, शिधावाटप गहू-तांदळाचे, संशोधनाचा व खतांचा भरही त्याच दोन पिकांवर. भरडधान्ये मागे पडली. १९५० च्या दशकात देशात नाचणीखाली २२-२३ लाख हेक्टर क्षेत्र होते. अलीकडे ते ११-१२ लाख हेक्टरांवर आले आहे. कडधान्यांचे तर अधिकच वाईट झाले. १९६१ मध्ये दर माणशी दररोज ६९ ग्रॅम डाळ उपलब्ध होती. २००१ मध्ये ती केवळ ३० ग्रॅम राहिली. त्यानंतर काही सुधारणा झाली असली, तरी जुनी पातळी देशाने पुन्हा गाठलेली नाही.

शहर वाढले, चूल बदलली

याच काळात ठाणे जिल्ह्याचे रूप पालटत होते. १८५३ मध्ये देशातील पहिली आगगाडी मुंबईहून ठाण्यास आली व पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. तरीही पुढील शंभर वर्षे ठाणे व कल्याण ही मध्यम आकाराची गावेच होती, आणि डोंबिवली हे भातशेतीचे खेडे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे डोंबिवलीत कारखाने उभे राहिले, आणि मुंबईत न परवडणारी घरे शोधीत गिरगाव-दादरचा नोकरदार वर्ग इकडे आला. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती १८ लाखांवर व कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेलेली होती.

नोकरदार वस्तीची चूल वेगळी असते. पहाटेची गाडी गाठावयाची, डबा न्यावयाचा, सायंकाळी उशिरा परतावयाचे. स्त्रियाही मोठ्या संख्येने नोकरीस जाऊ लागल्या. डब्यात भात-कालवणापेक्षा पोळी-भाजी सोयीची. तिच्यातून रस्सा सांडत नाही. जो गहू शिधापत्रिकेने आणला, तो लोकलच्या डब्याने रुजविला असे म्हणावयास हरकत नाही. पुढे पोळ्या लाटण्यासही वेळ उरेना, तेव्हा डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रे निघाली. हजारो गृहिणींस त्यांतून रोजगार मिळाला. १९६० च्या दशकात दादर स्थानकाबाहेर सुरू झालेला वडापाव मध्य रेल्वेच्या प्रत्येक स्थानकावर पोहोचला, आणि पाव हेही नित्याचे अन्न झाले.

दुधाची कथा अधिक आनंदाची आहे. १९५०-५१ मध्ये देशात दर माणशी दररोज सुमारे १३० ग्रॅम दूध उपलब्ध होते. १९७० मध्ये ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली व सहकारी संघांचे जाळे पसरले. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ४७१ ग्रॅमपर्यंत गेले. अंड्यांचेही तसेच, दर माणशी वर्षास पाच-सहा अंडी मिळत होती, ती आता शंभरावर मिळतात. ज्या मुलांस पूर्वी दूध सणासुदीस मिळे, त्यांच्यापैकी अनेकांस ते आज रोज मिळते. बदलाचा हा भाग निःसंशय हिताचा आहे.

खाडीचे मात्र नुकसान झाले. उल्हास व वालधुनी या नद्यांत शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणी मिसळत गेले, खारजमिनी भरावाखाली गेल्या, आणि कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठची फुकट मिळणारी मासळी विकतची झाली. ज्या कुटुंबांचे प्रथिनांचे साधनच खाडी होती, त्यांच्यावर याचा भार सर्वांत अधिक पडला.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत या सर्व बदलांचे चित्र स्पष्ट उमटते. १९७२-७३ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंब आपल्या दर १०० रुपये खर्चापैकी सुमारे ७३ रुपये अन्नावर खर्च करीत होते व शहरी कुटुंब सुमारे ६४ रुपये. २०२२-२३ मध्ये हेच प्रमाण ग्रामीण भागात ४६ व शहरात ३९ रुपयांवर आले.

अन्नावरील खर्चातही धान्याचा वाटा सर्वांत अधिक घसरला. दर माणशी महिन्यास खाल्ल्या जाणाऱ्या धान्याचे वजन १९७२-७३ मध्ये ग्रामीण भागात १५ किलोच्या वर व शहरात ११ किलोच्या वर होते. २०२२-२३ मध्ये ते अनुक्रमे ९.६ व ८ किलो इतकेच राहिले. म्हणजे पन्नास वर्षांत खेड्यातील माणसाचे धान्य एकतृतीयांशाने कमी झाले.

ठाणे-कल्याणच्या शेतकऱ्याने मनावर कोरून ठेवावे असे आकडे पुढे दिले आहेत. २०२२-२३ मध्ये देशातील शहरी कुटुंबाच्या १०० रुपये खर्चापैकी, शिधावाटपातील मोफत धान्याची किंमत न धरता, खर्च असा होता :

धान्य : ३ रुपये ६४ पैसे
भाजीपाला : ३ रुपये ८० पैसे
फळे : ३ रुपये ८१ पैसे
अंडी, मासे व मांस : ३ रुपये ५७ पैसे
दूध व दुधाचे पदार्थ : ७ रुपये २२ पैसे
पेये व तयार खाद्यपदार्थ : १० रुपये ६४ पैसे

याचा अर्थ उघड आहे. जो शेतकरी केवळ भात पिकवून केवळ भातच विकतो, तो शहरी गिऱ्हाइकाच्या शंभर रुपयांतील साडेतीन रुपयांसाठी पंजाब, छत्तीसगड व आंध्र येथील शेतकऱ्यांशी स्पर्धा करीत आहे. दूध, भाजी, फळे व तयार पदार्थ यांवर खर्च होणाऱ्या पंचवीस रुपयांकडे त्याचे लक्षच गेलेले नाही.

हा अनुभव आपल्या देशापुरता नाही. जपान हा भात खाणारा देश. १९६२ मध्ये तेथील मनुष्य वर्षास सरासरी ११८ किलो तांदूळ खात असे. उत्पन्न वाढले, शाळेच्या जेवणात पाव-दूध आले, मांस व तेल वाढले. आज तो ५० किलोच्या आसपासच तांदूळ खातो. भात पिकविणाऱ्या प्रदेशाने हे उदाहरण डोळ्यांआड करणे धोक्याचे होईल.

पोट भरले, पोषण झाले काय?

धान्य कमी झाले व दूध, फळे, अंडी वाढली, याचा अर्थ आहार सर्वत्र सुधारला असा होत नाही. शहरात तेल, साखर, मैदा व तळलेले पदार्थ यांचे प्रमाण वाढले आणि शरीरश्रम घटले. देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते व त्यात पामतेलाचा भाग मोठा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी लोकांस मधुमेह आहे, आणि शहरांत त्याचे प्रमाण खेड्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे.

खेड्यांत व वाड्यांवर वेगळीच विपरीत स्थिती दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली, ३६ टक्के बालकांचे वजन कमी आढळले, आणि सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण ५४ टक्के होते.

याची कारणे अनेक आहेत. पण त्यातील एक शेताच्या बांधावरच सापडते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब कुटुंबास गहू-तांदळाची हमी दिली व भुकेची धार बोथट केली. परंतु स्वस्त तांदूळ दुकानात मिळू लागल्यावर वरकस जमिनीतील नाचणी व वरी सोडून देण्यात आली. घिरट-उखळ जाऊन गिरणी आली, आणि तांदूळ पांढराशुभ्र होईतो छडला जाऊ लागला. कोंड्याबरोबर त्यातील ‘ब’ जीवनसत्त्वे, लोह व तंतूही निघून जातात. सकाळची आंबील गेली व तिच्या जागी चहा-बिस्किट आले. पोट भरते, पण वाढत्या मुलास हाडामांसासाठी जे हवे ते त्यात नाही.

येथे एक तुलना पुरेशी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. ज्या वाडीने नाचणी सोडली तिने काय सोडले, हे यावरून ध्यानी येईल.

शेतकऱ्यांनी काय करावे

बदल थांबविणे कोणाच्याच हाती नाही, व थांबविण्याची आवश्यकताही नाही. बदलास वळण देता येते. पुढील पाच गोष्टी ठाणे जिल्ह्यातील अल्पभूधारक शेतकऱ्यास करण्याजोग्या आहेत.

(१) वरकस जमिनीत नाचणी पुन्हा घ्यावी. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, आणि त्यानंतर शहरी ग्राहकच नाचणी मागू लागला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये, तर नाचणीची ४,८८६ रुपये जाहीर झाली. दुप्पट भाव असूनही पीक घटते, याचे कारण लावणीची मेहनत व कमी उत्पन्न. जूनच्या आरंभी गादीवाफ्यावर रोपे करून साधारण तीन ते चार आठवड्यांची रोपे ओळीत लावल्यास आणि ‘दापोली-१’ सारखे सुधारित बियाणे वापरल्यास उत्पन्नात चांगला फरक पडतो. मात्र सर्व नाचणी विकू नये. घरातील माणसांस वर्षभर पुरेल इतकी प्रथम कणगीत घालावी, मगच उरलेली बाजारात न्यावी.

(२) भातानंतर खाचर मोकळे सोडू नये. कापणी होताच ओल असेपर्यंत वाल, हरभरा, मूग वा चवळी पेरावी. ‘कोकण वाल’ व चवळीची ‘कोकण सदाबहार’ या विद्यापीठाच्या जाती उपलब्ध आहेत. कडधान्याच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीस नत्र मिळते, घरास प्रथिने मिळतात, आणि कडव्या वालास ठाणे-कल्याणच्या बाजारात आजही मान आहे. मोकाट गुरांमुळे रब्बी पीक राहात नाही ही तक्रार खरी आहे. तिला उपाय एकट्याचा नाही, साऱ्या गावाने मिळून चराईबंदी पाळण्याचा आहे.

(३) तांदूळ कमी छडावा. घरच्यासाठी गिरणीतून एकच हात काढून घ्यावा. असा तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून भात कणगीत ठेवून पंधरा दिवसांपुरताच भरडून आणावा. विक्रीसाठी स्थानिक सुवासिक व चवीच्या जाती राखाव्यात. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील ‘वाडा कोलम’ तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव टिकविणाऱ्या तांदळास शहरात गिऱ्हाईक आहे, हाच त्याचा धडा होय.

(४) भाजीपाला स्वच्छ पाण्यावर पिकवावा व तसे सांगून विकावा. रेल्वेमार्गालगत सांडपाण्यावर वाढविलेल्या भाजीविषयी शहरी ग्राहकाच्या मनात धास्ती आहे. मुरबाड-शहापूरची भेंडी, काकडी, कारली व वांगी ही त्या धास्तीवरचे उत्तर ठरू शकतात. मात्र औषध फवारल्यानंतर तोडणीपूर्वी सांगितलेले दिवस काटेकोर पाळले पाहिजेत. एकदा गेलेला विश्वास परत येत नाही. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यापासून शेतकऱ्यास थेट विक्री करता येते. ठाणे व डोंबिवली येथे शेतकरी आठवडी बाजारही भरले आहेत. पाण्याचा प्रश्न मात्र कठीण आहे. ज्या शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा ही धरणे मुंबईची तहान भागवितात, तेथील कित्येक वाड्यांस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. यास्तव शेततळे, वनराई बंधारे व ठिबक यांवाचून उन्हाळी भाजीची आशा धरता येणार नाही.

(५) रानभाज्यांचे ज्ञान जपावे. पावसाळ्यात डोंबिवली व कल्याण स्थानकांबाहेर आदिवासी भगिनी रानभाज्या घेऊन बसतात व त्या हातोहात खपतात. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवितो. मात्र शेवळासारखी भाजी काकड फळे वा चिंच घालूनच शिजवावी लागते, नाही तर घसा खाजतो. हे शहरी ग्राहकास ठाऊक नसते. भाजीबरोबर ती करण्याची रीत सांगणाऱ्या विक्रेतीस गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात शोधीत येते. कंद व मुळ्या उपटताना काही भाग जमिनीत राखावा, म्हणजे पुढील वर्षी रान रिकामे दिसणार नाही.

नाचणीचे सत्त्व : घरोघरी करण्याजोगे

नाचणी स्वच्छ निवडून व धुऊन रात्रभर पाण्यात भिजवावी. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी व फडके सुकू देऊ नये. साधारण दीड दिवसात बारीक मोड येतात. मोड आलेले दाणे सावलीत पूर्ण वाळवून मंद आचेवर हलके भाजावेत, हाताने चोळून मोड काढावेत व बारीक दळून वस्त्रगाळ करावेत. हे पीठ दुधात वा पाण्यात शिजवून लहान मुलांस, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांस द्यावे. मोड आणल्याने धान्य पचनास हलके होते. चार बाई मिळून बचत गटाने हे काम केल्यास घरची गरज भागून उरलेले सत्त्व डोंबिवलीच्या बाजारात चांगल्या भावाने जाते. शहरी कुटुंबाच्या ज्या दहा रुपयांचा वर उल्लेख आला, त्यांपैकी चार आणे तरी गावात आणण्याचा हा सोपा मार्ग होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

आहाराचा विषय अंगणवाडीचा व पिकांचा विषय कृषी खात्याचा, अशी वाटणी करून चालणार नाही. एकाच कुटुंबाच्या शेतात व ताटात हा विषय एकत्र येतो. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरीप हंगामाच्या सभेत प्रत्येक वाडीवर तीन प्रश्न विचारावेत. तीस वर्षांपूर्वी या वाडीच्या जमिनीत कोणती पिके होती? त्यांपैकी आज कोणती आहेत? आणि जी गेली त्यांच्याऐवजी घरात काय विकत येते व त्यास महिन्यास किती रुपये लागतात? वृद्ध स्त्रियांस या सभेत आवर्जून बोलवावे, कारण बी कोठे मिळेल व भाजी कशी शिजवावी हे त्यांस अधिक माहीत असते. उत्तरे फळ्यावर लिहिली म्हणजे उपदेशाची फारशी गरज उरत नाही.

त्यानंतर अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती व कृषी कर्मचारी यांनी मिळून वाडीतील किमान पाच कुटुंबे निवडावीत. त्यांस नाचणी व वालाचे बियाणे वेळेवर, म्हणजे मेअखेर व ऑक्टोबरच्या आरंभी, मिळवून द्यावे. घराशेजारी शेवगा, पपई, लिंबू व अळू यांची परसबाग उभी करून द्यावी. सांडलेल्या पाण्यावरही ती जगते. आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर भात व नाचणी केव्हा घेतली जाणार, त्यासाठी नावनोंदणी केव्हा, हे गावात आधीच फळ्यावर लावावे. बेभाव विक्री होते ती बहुधा ही माहिती उशिरा मिळाल्यामुळे.

शहराचे ताट पुढेही बदलत राहील. त्याच्या मागे धावताना शेतकऱ्याने आपली कणगी विसरता कामा नये, आणि कणगीत गुंतून बाजाराकडे पाठ फिरविताही कामा नये. एक गुंठा तरी नाचणी व भातानंतर एका खाचरात तरी वाल, एवढा निश्चय या हंगामात प्रत्येक घराने केला, तर पुढील दिवाळीपर्यंत त्याचा परिणाम अंगणवाडीच्या वजनकाट्यावर व घरखर्चाच्या वहीत, दोन्हीकडे पाहता येईल.